'पेशंटचे नातेवाईक कोण?' : अडीअडचणीला आपण एकमेकांची सोबत कशी बांधतो?

सांजवारा | ८ जून २०२५, रात्री १०:४०

एप्रिल २०२१. दुसरी लाट ऐन भरात होती. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या खिडकीशी फाइल घेऊन मी उभा होतो. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पेशंटचे नातेवाईक कोण?" मी म्हणालो, "मी. मावसभाऊ."

तेव्हा आम्हा दोघा पुरुषांना जोडीदार म्हणून एकत्र राहून चौदा वर्षं झाली होती. पण त्याचा ऑक्सिजन ८६ वर आला होता आणि खरं नातं सांगून वाद घालायला वेळ नव्हता. मावसभाऊ म्हणून सह्या केल्या, मावसभाऊ म्हणून डॉक्टरांचे फोन घेतले. दोन दिवसांनी मलाच ताप आला आणि घरात एकटा कोंडला गेलो.

पुढचे अकरा दिवस रोज दुपारी साडेबाराला दार वाजायचं. उघडेपर्यंत माणूस जिन्यावरून खाली गेलेला असायचा, उंबऱ्याशी डबा. कधी मुगाची खिचडी, कधी ज्वारीची भाकरी आणि पातळ पिठलं. हे सगळं जुळवलं होतं आमच्या एका ज्येष्ठ मित्राने. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. बँकेतून निवृत्त झालेले, चौसष्ट वर्षांचे, पेठेत एकटेच राहणारे. त्यांनी शाळेच्या दोनशे पानी वहीत चौकटी आखल्या होत्या : आजारी कोण, डबा कुणाकडून, औषध कोण आणणार, रात्री फोन कोण करणार. आमच्यासारखी सात घरं त्या वहीवर तरली. जोडीदार बरा होऊन घरी आला.

मे महिन्यात काका गेले. तीन दिवस ताप अंगावर काढला, कुणाला सांगितलं नाही. नंतर वही आमच्या हाती आली तेव्हा दिसलं की तिच्यात सगळ्यांची नावं आहेत, त्यांचं स्वतःचं कुठेच नाही. रोज रात्री नऊला ते सगळ्यांना फोन करायचे. त्यांना फोन करायचं काम कुणाकडेच नव्हतं.

अस्थी नातेवाइकालाच मिळतील असं सांगण्यात आलं. नागपूरहून पुतण्या आला, त्याने सही केली आणि बाहेर येऊन कलश माझ्या हातात दिला. म्हणाला, "तुम्ही त्यांचे रोजचे. तुम्हीच न्या." त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही.

चार वर्षं झाली. आमच्या गटातले बरेच जण आता पन्नाशीकडे आलेत. मला अशी वही पुन्हा सुरू करायची आहे, पण साथ येण्याची वाट न बघता. तुमच्याकडे, तुमच्या गावात हे कसं चालतं? काय टिकलं, काय मोडलं? मोडलेलं आवर्जून सांगा.

---

निळीशाई | ८ जून, ११:२५

वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. वहीत स्वतःचं नाव नसलेली माणसं मीही पाहिली आहेत. धागा वर राहू दे.

---

चाफा_ठाणे | ९ जून, सकाळी ७:१०

दादा, मी तृतीयपंथी आहे. डेऱ्यात, म्हणजे गुरू आणि तिच्या चेल्यांच्या एकत्र घरात वाढले, आता एका संस्थेत नोकरी करते. आमचं सांगते.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली त्याच दिवशी आमची मिळकत शून्यावर आली. गाडी नाही, सिग्नलला माणूस नाही, दुकानं बंद, बारशाची बधाई नाही. घरातून काम करा म्हणाले, आमचं काम रस्त्यावर. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही अकरा जणी. केंद्र सरकारने एकदाच देण्याचे १५०० रुपये जाहीर केले, पण त्याला बँक खातं लागायचं आणि आमच्यातल्या निम्म्या जणींच्या कागदांवर जुनं नाव आणि जुना फोटो.

आमच्या नानीने, म्हणजे माझ्या गुरूच्या गुरूने, पेटी उघडली. दोन पाटल्या काढून किराणावाल्याकडे ठेवल्या आणि सांगितलं, "दोन महिने माझ्या पोरींना तांदूळ, डाळ, तेल कमी पडता कामा नये." एक चेला भांडून दुसऱ्या घराण्यात गेली होती, तिच्यावर दंड बाकी होता. नानीने तिलाही फोन लावला. म्हणाली, दंडाचं नंतर बघू, आधी जेवायला ये.

तुम्ही विचारलंत काय टिकतं. आमच्यात गुरू आजारी पडली तर चेला करते आणि चेला आजारी पडली तर गुरूने करायचं असतं. नाही केलं तर पंचात विषय निघतो, चार डेऱ्यांच्या बायका तोंडावर विचारतात. जिचं कुणी नाही तिला दूधबेटी करून घेतात, मग ते नातं जन्मभराचं. नुसत्या मायेवर सोडलेलं नाही, रीत लावून दिली आहे.

डेऱ्यात सगळं गोड असतं असं मात्र समजू नका. कमाईचा वाटा द्यावा लागतो, मार खाल्लेल्या पोरी आहेत, सोडून जाणं सोपं नाही. मी स्वतः दोन वर्षं रडले आहे. पण ताप आला आणि विचारायला कुणी नाही, असं माझ्यावर आजवर आलं नाही.

---

सांजवारा | ९ जून, ८:०२

चाफाताई, "रीत लावून दिली आहे" हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिणार आहे. आमच्यात मैत्री भरपूर होती, रीत नव्हती. काकांचं काम त्यांच्या स्वभावावर चाललं होतं.

---

शरदऋतू | ९ जून, ११:३०

मी तुमच्या समुदायातला नाही. प्रामाणिक प्रश्न आहे, राग मानू नका. मित्रमंडळी डबा देतील, पण महिनोन्‌महिने अंथरुणावर पडलेल्या माणसाचं करायला शेवटी रक्ताचं माणूसच लागतं ना? घरच्यांशी जुळवून घेणं जास्त शहाणपणाचं नाही का?

---

आईची_माया | ९ जून, दुपारी २:१५

शरदऋतू, मी एका समलिंगी मुलाची आई आहे, म्हणून उत्तर देते. जुळवून घेणं दोन्ही बाजूंनी लागतं. माझ्या मुलाने मला सांगितलं तेव्हा त्याच्या वडिलांनी सव्वा वर्ष अबोला धरला. त्या सव्वा वर्षात त्याला कावीळ झाली आणि आम्हाला ती बरी झाल्यावर कळली. त्याच्या मैत्रिणीने त्याला दीड महिना आपल्या घरी ठेवलं होतं, उसाचा रस आणि मऊ भात देत. रक्ताची माणसं आम्ही. आम्ही घरात बसून होतो.

नंतर मुंबईतल्या पालकांच्या 'स्वीकार' गटाची ओळख झाली आणि आमच्या घराचं दार उघडलं. आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्याचे सगळे मित्रमैत्रिणी आमच्याकडे जेवायला असतात. ज्यांना घरी जाता येत नाही त्यांना दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी उटणं लावते. माझे गुडघे बदलले तेव्हा ही सात-आठ मुलं पाळीपाळीने रात्री थांबली. रक्ताची माणसं त्यात होती, पण सगळी नव्हती.

---

शरदऋतू | ९ जून, ३:४०

काकू, कळलं. माझ्या चुलत बहिणीचं असंच काहीसं आहे, घरात तिचं नाव काढत नाहीत. आज तिला फोन करतो.

---

कृष्णाकाठ | ९ जून, रात्री ९:५०

सांगलीचा आहे. एचआयव्हीच्या कामात एकवीस वर्षं झाली.

आमच्या भागाला संकटं नवी नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर आला, त्यातून सावरतोय तोवर कोविड. पुरात आमच्या काही तृतीयपंथी मैत्रिणींची खोली छतापर्यंत पाण्यात होती. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा विचारलं, घर कुणाच्या नावावर? भाडेकरार नाही, रेशनकार्ड नाही. यादीत नाव लागलं नाही. तेव्हा सगळ्यात आधी भांडी आणि चादरी दिल्या त्या गल्लीतल्या धंदा करणाऱ्या बायकांनी, ज्यांचं स्वतःचं निम्मं सामान वाहून गेलं होतं.

हे अचानक घडलं नव्हतं. १९९२ मध्ये सांगलीत 'संग्राम' या संस्थेचं काम सुरू झालं, तेव्हापासून या बायका स्वतः घरोघर निरोध वाटत होत्या, दवाखान्यात एकमेकींसोबत जात होत्या. १९९६ मध्ये त्यांनी आपली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली, पुढे पुरुष आणि ट्रान्स सेक्स वर्करांची 'मुस्कान' आली. कुणाच्या घरात कोण आजारी आहे, कुणाला भाकरी चावत नाही, हे त्यांना पाठ होतं. पुराच्या दिवशी नवी यादी करावी लागली नाही.

टाळेबंदीत एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्यांचा प्रश्न आला. ही औषधं एक दिवसही चुकवायची नसतात आणि एसटी बंद. सरकारी केंद्रांनी एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली, पण गावापर्यंत त्या न्यायच्या कोणी? आम्ही पास काढून दुचाकीवर न्यायचो. काही मुलांच्या घरी आजार माहीत नव्हता, ते टाळेबंदीत गावी अडकलेले. मग डबीत कापूस भरायचा म्हणजे गोळ्या खुळखुळत नाहीत, वरचा कागद काढायचा आणि शेतातल्या मोटारीच्या खोपीपाशी द्यायची. एक जण म्हणाला, "दादा, सहा आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या खऱ्या आवाजात बोललो." त्याच्यासाठी मी गोळ्या देऊन झाल्यावरही अर्धा तास बांधावर बसायचो.

तुमच्या वहीत हा रकाना ठेवा : कुणाचं काय कुणाला कळता कामा नये.

---

मांडवी | १० जून, सकाळी १०:०५

वरचा प्रतिसाद वाचून आमच्या गोव्यातलं आठवलं. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून पोलिसांकरवी उचललं आणि तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन क्षयरोग्यांसाठी असलेल्या जुन्या इमारतीत कोंडलं. तो नियमित रक्तदान करायचा, त्यातूनच तपासणी झाली होती. ६४ दिवस तिथे ठेवला. आई ल्यूसी यांनी उच्च न्यायालयात याचिका केली, वकील आनंद ग्रोव्हर. बाहेर मित्रमैत्रिणी निदर्शनं करत होत्या, त्याला भेटत होत्या. सुटल्यावर त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि १९९२ मध्ये तो गेला.

मला यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो खिडकीचा. एका खिडकीतून तो मित्रांशी बोलायचा. माणूस आत कोंडलेला असताना खिडकीशी उभं राहायला कुणी असणं. सांजवारा, तुम्हीही खिडकीपाशीच उभे होता.

---

गोधडी | १० जून, दुपारी १२:२०

आम्ही दोघी, नाशिक. पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आमची भिशी आहे. अठरा जणी आणि तिघे जण, महिना ५०० रुपये. नेहमीच्या भिशीत चिठ्ठी निघते, आमच्यात निघत नाही. रक्कम साठत राहते आणि अडचण आली की उचलायची. ५००० पर्यंत कारण विचारायचं नाही, त्याच्या वर असेल तर तिघींनी बसून ठरवायचं. परत करणं ऐच्छिक. हिशेब दर महिन्याला सगळ्यांसमोर, नावं झाकून.

'कारण विचारायचं नाही' यावर खूप वाद झाला. कुणी गैरफायदा घेतला तर? सहा वर्षांत एकीने घेतला असं आम्हाला वाटतं, खात्री नाही. उलट एका मुलीला घरातून रात्री साडेदहाला निघावं लागलं, लग्न ठरवलं होतं तिचं, तेव्हा तिच्या खात्यावर अकरा वाजायच्या आत पैसे होते. त्या वेळी कारण लिहायला लावलं असतं तर ती बसस्टँडवरच राहिली असती. अशा मुलींसाठी मुंबईत १९९५ पासून स्त्री संगम, म्हणजे आताचं लेबिया, काम करत आलंय. आम्ही पहिल्यांदा धीर केला तो त्यांच्यामुळे.

---

समीर_नवा | १० जून, संध्याकाळी ६:४५

ट्रान्स पुरुष (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला), वय २८. मोडलेलं सांगतो.

माझी छातीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा गटावर चौदा जणांनी लिहिलं, "काहीही लागलं तर सांग." पहिले चार दिवस घरात गर्दी. तिसऱ्या आठवड्यात दोघंच. नेमकं तेव्हाच मला लागत होतं, कारण हात खांद्याच्या वर जात नव्हते आणि वरच्या फळीवरचं पातेलंही काढता येत नव्हतं. "सांग" म्हटलेल्या माणसाला "माझं डोकं धुऊन दे" असं सांगणं फार अवघड असतं.

नंतर दुसऱ्या मित्राच्या वेळी आम्ही उलटं केलं. त्याला काही विचारलं नाही. कामं लिहिली : सोमवारी केस धुणे, बुधवारी ड्रेसिंगला रिक्षातून नेणे, शनिवारी कपडे वाळत घालणे. प्रत्येकाने एक काम उचललं आणि पहिल्या आठवड्यात तिघांपेक्षा जास्त जणांना येऊच दिलं नाही. बाकीच्यांना सांगितलं, तुम्ही पाचव्या आठवड्यासाठी. तो उत्तम बरा झाला आणि कुणी थकलं नाही.

---

वकीलबाई | १० जून, रात्री ११:१०

'मावसभाऊ' सांगावं लागणारे अशील मी नेहमी पाहते. कागदांचं थोडं सांगते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क दिला नाही, त्यामुळे आपोआप मिळणारं असं काही नाही. जे करायचं ते एकेक कागद करून. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती ही त्याचीच असते, हे आधी लक्षात ठेवा. शुद्ध हरपल्यावरच्या उपचारांबद्दल आगाऊ इच्छापत्र करता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालातली पद्धत किचकट होती, जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका, देणारा भानावर नसेल तर त्याचा जोर टिकत नाही. मानसिक आजारासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम १४ फार उपयोगाचं आहे. साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून कुणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमता येतं. नात्याची अट नाही, फक्त तो माणूस तयार हवा.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. ते कराच, कारण बँकेतला नॉमिनी मालक होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की क्विअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. त्याच महिन्यात आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. त्या पत्राची प्रत फाइलमध्ये ठेवा, कारण खिडकीपलीकडच्या माणसाने ते वाचलेलं नसतं. गेल्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने निवडलेल्या कुटुंबाला कुटुंब म्हटलंय. महाराष्ट्रात तो निकाल बंधनकारक नाही, पण दाखवायला हाताशी असावा.

---

सांजवारा | १० जून, ११:५५

वकीलबाई, धन्यवाद. काकांच्या वेळी हे पत्र नव्हतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, एका रविवारी सगळ्यांना एकत्र बसवून कागद करून घ्यायचे आहेत.

---

जोंधळा | ११ जून, सकाळी ६:३०

मला एक सांगायचंय, आणि ते सांगताना मला बरं वाटत नाहीये.

२०२१ मध्ये मीही पुण्यातल्या एका क्विअर गटाच्या डब्यांच्या यादीत होतो, देणारा म्हणून. मी दलित आहे. माझं आडनाव यादीत होतं. पहिल्या दिवशी माझ्या आईने पहाटे उठून केलेला डबा एका घरातून तसाच परत आला. निरोप आला, "आज जेवायची इच्छा नाही." दुसऱ्या दिवशी यादीत दुरुस्ती झाली, मला औषधं आणायचं काम दिलं. कुणी काही बोललं नाही. आईने विचारलं, "मीठ कमी होतं का रे?"

तेव्हापासून मी त्या गटात गेलो नाही. कुटुंब आपण निवडतो म्हणता, तर निवडताना कोण बाहेर राहतं तेही वहीत लिहा.

---

चाफा_ठाणे | ११ जून, ७:४०

भावा, तुझ्या आईच्या हातचं मला जेवायचंय. खरंच सांगते. पत्ता व्यनिने दे.

---

सांजवारा | ११ जून, ९:२०

जोंधळा, ती यादी आमचीच असेल तर? पुण्यात त्या दिवसांत अशा दोन-तीन याद्या होत्या. आज सकाळी तुमचं वाचून कपाटातून वही काढून एकेक पान पाहिलं. एका ठिकाणी एक नाव डब्याच्या रकान्यातून खोडून औषधाच्या रकान्यात लिहिलंय, बाजूला कारण नाही. ते तुम्ही असाल किंवा नसाल. मी त्या आठवड्यात आजारी होतो, पण बरा झाल्यावर चार वर्षांत ते पान मी अनेकदा पाहिलंय आणि विचारलं नाही. ही माझी चूक आहे. तुमची आणि तुमच्या आईंची माफी मागतो. नव्या वहीत डबा जातीवरून किंवा आडनावावरून नाकारणाऱ्या घराला डबा जाणार नाही. हा नियम मी मांडणार आहे, वाद झाला तरी.

---

जोंधळा | ११ जून, दुपारी १:००

वाचलं. विचार करून लिहितो.

---

माणदेशी | ११ जून, संध्याकाळी ५:२०

शेतकरी आहे, सातारा जिल्हा. गावात माझ्याबद्दल दोघांना माहीत आहे.

सांजवारा, तुम्ही जे शोधताय त्याला आमच्याकडे सावड म्हणतात. माझ्याकडे एक बैल, शेजाऱ्याकडे एक, दोघांचं मिळून औत होतं. आज त्याच्या रानात, उद्या माझ्या. आज मी खुरपायला आलो की तुझ्या माणसाने माझ्याकडे यायचं. कुणी कुणावर उपकार करत नाही आणि दिवस कुणाचे किती झाले ते दोघांच्या ध्यानात असतं. ज्याच्याकडे बैल नाही तो अंगमेहनत देतो, पण सावडीत घेतलेला माणूस नुसता घेणारा ठेवत नाहीत, त्याला लाज वाटते. तुमच्या काकांचं काय झालं ते मला असं दिसतं : ते सगळ्यांच्या रानात गेले आणि त्यांच्या रानात यायची पाळी कुणावर ठेवली नाही.

शब्द तोच बघा. तिसऱ्या दिवशी राख गोळा करतात त्यालाही आम्ही सावडणंच म्हणतो.

---

बेएरिया_मराठी | १२ जून, सकाळी ८:१५

इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयात १९८३ मध्ये एड्सच्या रुग्णांसाठी ५बी नावाचा कक्ष सुरू झाला. परिचारिका स्वतःहून तिथे आल्या होत्या. भेटायला कोण येणार, आपलं माणूस कोण, हे रुग्णाने सांगायचं. त्याच वर्षी सॅन दिएगोत लेस्बियन बायकांनी रक्तदानाचे मेळावे भरवले, कारण गे पुरुषांना रक्त द्यायला मनाई होती आणि त्यांच्या आजारी मित्रांना रक्त लागत होतं. माणदेशींची सावड वाचून मला त्या बायका आठवल्या.

---

सांजवारा | २२ जून, रात्री ९:३०

आज बसलो. एकोणीस जण आले. जोंधळा आले, आईंना घेऊन. चाफाताई ठाण्याहून आल्या. वकीलबाईंनी सहा जणांचे कलम १४ चे कागद तिथेच करून घेतले. आडनावाच्या नियमावर अपेक्षेप्रमाणे वाद झाला, दोघं उठून गेले, नियम राहिला. भिशी ३०० रुपयांपासून सुरू करतोय, कारण ५०० सगळ्यांना झेपत नव्हते.

वही नवी घेतली. दोन रकाने आहेत, 'कुणाकडे जाणार' आणि 'माझ्याकडे कोण येणार'. दुसरा रिकामा ठेवून पहिला भरता येत नाही. समीरच्या सूचनेप्रमाणे कामं नेमकी लिहिली. माझ्याकडे रोज रात्री नऊला फोन जोंधळाच्या आई करणार आहेत, त्यांनी स्वतः मागून घेतलं.

कोथरूडमध्ये आमच्यातल्या एकाचं मंगळवारी हर्नियाचं ऑपरेशन आहे. घरी एकटा आहे. गुरुवार आणि शुक्रवारचा डबा आणि रविवारी आंघोळीला मदत, एवढं बाकी आहे. पुण्यातलं कुणी घेणार का?

---

निळीशाई | २२ जून, ९:४२

शुक्रवार माझा. पथ्य काय आहे ते कळवा.

---

शरदऋतू | २२ जून, १०:१०

मी कर्वेनगरला राहतो. गुरुवारचा डबा माझ्याकडून. बहीण आली आहे राहायला, ती म्हणते रविवारी ती आणि मी दोघं येतो.